सही राजाची, उत्तरदायित्व कुणाचे?

२८ ऑगस्ट २०१९ रोजी स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे प्रिव्ही कौन्सिलची एक छोटेखानी बैठक झाली. राणी एलिझाबेथ दुसरी आणि तिच्यासमोर कौन्सिलचे तीन सदस्य. या बैठकीत राणीने एका आदेशास संमती दिली. ब्रिटनची संसद सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच आठवडे, संस्थगित ठेवण्याचा तो आदेश होता. एरवी अशी सत्रसमाप्ती आठवड्याभराची असते. यावेळी मात्र युरोपीय संघातून बाहेर पडण्याची ३१ ऑक्टोबर ही मुदत तोंडावर आली होती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यामागे लोकसभागृहात खात्रीचे बहुमत नव्हते आणि नेमक्या त्याच काळात त्यांना जाब विचारणारे सभागृह बंद राहणार होते. सल्ला पंतप्रधानांचा होता, संमती राणीची होती.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २४ सप्टेंबर रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला. संसदेला तिचे घटनात्मक काम करण्यापासून रोखणारा हा सल्ला होता, त्यासाठी कोणतेही सयुक्तिक कारण सरकारला देता आले नाही, सबब तो सल्ला बेकायदा आणि त्यावर आधारलेला आदेशही मुळापासूनच रद्दबातल. संसद संस्थगित झालीच नव्हती, असे न्यायालयाने ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी सभागृह पुन्हा भरले. ज्या आदेशावर राणीची मोहोर होती, तो न्यायालयाने कोऱ्या कागदाच्या मोलाचा ठरवला. तरीही न्यायालयाने राणीला एका शब्दानेही दोष दिला नाही.

या प्रकरणानंतर एक प्रश्न नव्या धारेने विचारला जाऊ लागला. पंतप्रधान बेकायदा सल्ला देतो आणि तरीही राजपद निमूटपणे सही करते, तर त्या पदाचा उपयोग काय? राणीने नकार द्यायला हवा होता काय? वरवर पाहता या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे द्यावेसे वाटते. पण घटनात्मक राजेशाहीचा सगळा इतिहास या उत्तराच्या विरोधात साक्ष देतो.

अधिकार झिजत गेले, ते असे

ब्रिटनच्या राजपदाचे अधिकार एखाद्या कायद्याच्या फटकाऱ्याने नाहीसे झाले नाहीत. ते न वापरले गेल्यामुळे झिजले. संसदेने संमत केलेल्या विधेयकास राजसंमती नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ सालचा, राणी अ‍ॅनच्या कारकीर्दीतला. बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाला स्वतःच्या मर्जीने घालवण्याचा शेवटचा प्रयत्न चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये केला. पंतप्रधान निवडताना आपली पसंती चालवण्याची थोडी मोकळीक विसाव्या शतकातही उरली होती. १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन पायउतार झाल्यावर राणीने लॉर्ड ह्यूम यांना पाचारण केले, तेव्हा त्यावरून बराच वाद झाला. त्यानंतर हुजूर पक्षाने १९६५ पासून आपला नेता मतदानाने निवडण्यास सुरुवात केली आणि तीही वाट बंद झाली. २०१० मध्ये कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही, तेव्हा पाच दिवस वाटाघाटी चालल्या. त्या पक्षापक्षांत चालल्या, राजवाड्यात नव्हे. पक्षांचे ठरल्यावर राणीने डेव्हिड कॅमेरॉन यांना बोलावले.

वॉल्टर बॅजट याने १८६७ मध्ये ‘द इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन’ या ग्रंथात घटनात्मक राजाचे तीनच हक्क सांगितले. मंत्र्यांनी त्याचा विचार घ्यावा, त्याने त्यांना उत्तेजन द्यावे आणि प्रसंगी इशारा द्यावा. यात नकाराचा हक्क नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इशारा देऊनही पंतप्रधान ठाम राहिला तर राजाने सही करावी, असाच या व्यवस्थेचा अर्थ. ‘राजा चूक करू शकत नाही’ हे ब्रिटिश घटनेतील वचन आपल्याकडे पुष्कळदा उलट्या अर्थाने घेतले जाते. राजा कायद्याच्या वर आहे, असे त्यातून सुचवायचे नाही. राजाच्या प्रत्येक कृतीसाठी कोणी ना कोणी मंत्री उत्तरदायी असतो, म्हणून चूक झालीच तर ती मंत्र्याची, हे त्यातले तत्त्व आहे. बाल्मोरलच्या आदेशाबाबत न्यायालयाने राणीला नव्हे, तर पंतप्रधानांच्या सल्ल्याला दोषी ठरवले, ते याच तत्त्वानुसार.

साताऱ्याची वस्त्रे

सत्तेवाचून सिंहासन हा प्रकार मराठी माणसाला अपरिचित नाही. १७४९ मध्ये छत्रपती शाहू निवर्तले आणि कारभाराची सूत्रे पुण्याला पेशव्यांकडे गेली. साताऱ्याच्या गादीकडे उरला तो मान. तरीही पेशवा कितीही समर्थ असला, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून आल्याखेरीज तो पेशवा ठरत नसे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या कटाचा संशय ज्यांच्यावर होता, त्या रघुनाथरावांना काही आठवड्यांतच साताऱ्याहून वस्त्रे मिळाली. पुढल्या वर्षी बारभाईंनी बाजू उलटवली, तेव्हा अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठीही त्याच गादीकडून वस्त्रे आली. देणारे छत्रपती तेच, रामराजे.

सातारा आणि बाल्मोरल यांत फरक काय? दोन्हीकडे गादी नामधारी होती आणि दोन्हीकडे पुढे आलेल्या कागदास होकार देण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. फरक गादीत नाही, तो कारभाऱ्यात आहे. पुण्याच्या कारभाऱ्याला जाब विचारील असे सभागृह नव्हते. त्याचा हुकूम रद्द ठरवील असे स्वतंत्र न्यायालय नव्हते. राजाचे अधिकार गेले, पण ते लोकांच्या प्रतिनिधींकडे न जाता प्रबळ सरदारांकडे गेले. नामधारी राजा आणि घटनात्मक राजा यांतील भेद हा असा आहे. राजा दुबळा झाला एवढ्याने राजेशाही घटनात्मक होत नाही. राजाच्या नावाने कारभार करणारा उत्तरदायी झाला, म्हणजे ती घटनात्मक होते. राजाच्या सहीला किंमत येते, ती त्या सहीमागच्या सल्ल्याची झडती अन्यत्र घेता येते म्हणून.

जे राजे पुढे सरसावले

सही करण्यापलीकडे गेलेल्या राजांची उदाहरणे या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहेत. राजेशाहीचे समर्थक नेहमी स्पेनचा दाखला देतात, आणि तो रास्तही आहे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल आन्तोनियो तेहेरो सशस्त्र शिपायांसह माद्रिदच्या संसदेत घुसला आणि त्याने मंत्रिमंडळासह सर्व प्रतिनिधींना ओलीस धरले. मध्यरात्रीनंतर राजे हुआन कार्लोस सेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी सैन्याला राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याचा आदेश दिला. बंड फसले. मात्र राजाने त्या रात्री सरकारचा सल्ला धुडकावला नाही. सल्ला देणारे सरकारच बंदुकीच्या धाकाखाली होते. राजाने सत्ता स्वतःकडे घेतली नाही, ती ज्यांची होती त्यांना परत मिळवून दिली. आणि याच राजाची उत्तरकाळातील कथा विसरता येत नाही. आर्थिक व्यवहारांवरील आरोपांच्या सावटात ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी देश सोडला. लोकशाहीचे रक्षण एका माणसाच्या शीलावर सोपवणे किती जोखमीचे, हे एकाच आयुष्याने दोन्ही बाजूंनी दाखवून दिले.

बेल्जियमचे राजे बोदुआँ यांचा प्रसंग याहून सूक्ष्म. १९९० मध्ये तेथील संसदेने गर्भपाताचे नियमन करणारा कायदा संमत केला. राजे निष्ठावान कॅथलिक होते, त्यामुळे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून आपण सही करू शकत नाही, असे त्यांनी पंतप्रधानांना कळवले. पण लोकप्रतिनिधींचा कायदा अडवून धरण्याचीही त्यांची इच्छा नव्हती. तेव्हा राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे मंत्रिमंडळाने जाहीर केले, मंत्र्यांनी एकत्रित सह्या करून कायदा अमलात आणला आणि सुमारे दीड दिवसाने संसदेने राजाला पुन्हा पदावर आणले. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली ग्रँड ड्यूक आंरी यांनी दयामरणाच्या कायद्याला संमती देणार नाही असे सांगितले. तेथे तर राज्यघटनाच बदलली गेली आणि कायद्याला राजाची मान्यता लागते ही तरतूद काढून टाकण्यात आली. दोन्हीकडे राजाचा विवेक अबाधित राहिला, पण कायदाही थांबला नाही. नकाराची किंमत मोजावी लागली ती पदाला.

नेपाळमध्ये ती किंमत संपूर्ण होती. १९९० च्या लोकआंदोलनाने तेथे घटनात्मक राजेशाही आणली. २००१ च्या राजवाडा हत्याकांडानंतर गादीवर आलेले राजे ग्यानेंद्र यांना मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणे मानवले नाही. पक्ष अकार्यक्षम आहेत आणि माओवाद्यांचा बीमोड होत नाही, अशी कारणे देऊन त्यांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सरकार बरखास्त केले आणि कारभार स्वतःकडे घेतला. कारणे अगदीच निराधार होती असे नाही. परंतु कारभार हाती घेताच अपयशाचे उत्तरदायित्वही राजाकडे आले, आणि राजाला निवडणुकीत पराभूत करण्याची सोय नसते. एप्रिल २००६ मध्ये जनता रस्त्यावर उतरली. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने सुमारे दोनशे चाळीस वर्षांची राजेशाही संपुष्टात आणली. पंतप्रधान चुकला तर सरकार जाते, राजा कारभार करू लागला आणि चुकला तर राजपदच जाते.

या उदाहरणांच्या उजेडात बाल्मोरलचा निर्णय पाहावा. राणीने नकार दिला असता तर ‘लोकांच्या कौलाआड राजवाडा येतो आहे’ अशी हाकाटी दुसऱ्याच दिवशी झाली असती, आणि युरोपच्या प्रश्नावर उभ्या दुभंगलेल्या देशात राजपद एका गटाचे झाले असते. राणीने सही केली, म्हणूनच संघर्ष पंतप्रधान आणि संसद यांच्यात राहिला. न्यायालयाला तो त्याच चौकटीत सोडवता आला.

पडद्याआडचे राजपद

मात्र राजा नकार देत नाही म्हणजे त्याचा प्रभावच नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. राजघराण्याच्या विशेषाधिकारांवर किंवा खासगी हितसंबंधांवर परिणाम करणाऱ्या विधेयकांवर संसदेत चर्चा पूर्ण होण्याआधी राजाची अनुमती घ्यावी लागते, असा ब्रिटनमध्ये एक जुना प्रघात आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत अशा रीतीने एक हजाराहून अधिक विधेयके राजवाड्याच्या नजरेखालून गेल्याचे ‘द गार्डियन’ या दैनिकाने २०२१ मध्ये उघड केले. चार्ल्स युवराज असताना त्यांनी मंत्र्यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध व्हावीत की नाही, यावर दहा वर्षे खटला चालला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ती बाहेर आली. परंतु दरम्यान २०१० मध्येच कायदा बदलून राजा आणि युवराज यांच्या पत्रव्यवहाराला माहितीच्या अधिकारातून पूर्ण सूट देण्यात आली होती.

खरे आक्षेपार्ह आहे ते हे. जाहीर समारंभातील मुकुट लोकशाहीला बाधक नाही, बंद दारामागचा शब्द मात्र बाधक होऊ शकतो. सल्लामसलतीची गोपनीयता राजाच्या तटस्थतेसाठी आवश्यक आहे, हा युक्तिवाद चालू राजकारणापुरता समजण्यासारखा आहे. स्वतःच्या मालमत्तेशी निगडित कायद्यांबाबत तो टिकत नाही. स्वीडनने १९७५ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने सरकार बनवण्यातील राजाची औपचारिक भूमिकाही काढून ती संसदेच्या सभापतीकडे दिली. नेदरलँड्सने २०१२ मध्ये मंत्रिमंडळ बनवण्याच्या वाटाघाटींतून राजपदाला बाजूला केले. दोन्ही देशांत राजेशाही टिकून आहे. अधिकार काढून घेतल्याने राजपद बुडते, ही भीती अनाठायी आहे.

ब्रिटन मात्र २०२२ मध्ये उलट दिशेने एक पाऊल चालला. २०११ च्या कायद्याने लोकसभागृहाचे विसर्जन संसदेच्या हाती दिले होते. २०२२ च्या कायद्याने तो अधिकार पुन्हा राजपदाकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाकडे, सोपवला. एवढेच नव्हे तर विसर्जनाच्या निर्णयाची न्यायालयात चिकित्सा होऊ शकणार नाही, असेही त्यात नमूद केले. अर्थात विसर्जनानंतर लोकांपुढे जावे लागते, सत्रसमाप्तीनंतर तसे नसते, हा फरक मान्य करायला हवा. तरीही न्यायालयाचे दार बंद केले की मधे उभा राहतो तो केवळ राजा. म्हणजे ज्याने नकार देऊ नये अशी व्यवस्था तीन शतके घडवली, त्याच्याकडूनच अडचणीच्या वेळी नकाराची अपेक्षा करायची. ही अपेक्षा पुरी झाली तर राजपद वादात सापडेल, पुरी झाली नाही तर मनमानीला मोकळे रान मिळेल.

आपल्याकडची गादी

या चर्चेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या घटनेतील राजासारखे असल्याचे स्पष्ट केले होते. राष्ट्रपती राज्याचे प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचे प्रमुख नव्हेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. बॅजटच्या ‘इशाऱ्या’चे याहून नेटके लेखी रूप क्वचितच सापडेल.

अडचण राज्यपालांची आहे. त्या पदाला राजाची खुर्ची मिळाली, पण राजाची निःस्पृहता मिळाली नाही. राजाला कोणी नेमलेले नसते आणि त्याला पुढे कुठली बढती मिळवायची नसते. त्याच्या तटस्थतेचा उगम या दोन गोष्टींत आहे. राज्यपालाला केंद्र सरकार नेमते आणि घालवतेही. त्यातच राज्यघटनेच्या १६३ व्या अनुच्छेदाने त्याला काही बाबतींत स्वेच्छाधिकार दिला आहे. म्हणजे निष्पक्ष राजाला जो अधिकार इंग्लंडने हळूहळू नाकारला, तो आपण नियुक्त माणसाच्या हाती ठेवला.

त्याचे परिणाम महाराष्ट्राने अनुभवले आहेत. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी राजभवनात शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि ते सरकार चाचणीपूर्वीच पायउतार झाले. जून २०२२ मध्ये मात्र न्यायालयाने राज्यपालांनी सांगितलेली बहुमत चाचणी रोखण्यास नकार दिला आणि त्याच रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, चाचणी बोलावण्यास राज्यपालांपाशी पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नव्हती. लंडनमध्ये चुकीचा आदेश चार आठवड्यांत रद्द झाला आणि संसद पुन्हा भरली. मुंबईबाबतचा निर्णय साडेदहा महिन्यांनी आला, तेव्हा दुरुस्त करण्याजोगे काही शिल्लक नव्हते. न्याय बरोबर असणे पुरेसे नसते. सत्तेच्या वादात तो वेळेवरही असावा लागतो.

तेव्हा घटनात्मक राजाच्या भूमिकेविषयीचा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडायला हवा. सर्वोच्च खुर्चीवरील व्यक्तीने संकटात धाडस दाखवावे, ही अपेक्षा ऐकायला उदात्त वाटते. पण ती आपल्या इतर संस्थांच्या आळसाला पांघरूण घालते. सभागृह वेळेवर भरले पाहिजे, त्यात प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि न्यायालयाने कागद तातडीने तपासला पाहिजे. ही तिन्ही कामे चोख झाली, तर वरच्या खुर्चीत राजा आहे की राष्ट्रपती की राज्यपाल, याने फार बिघडत नाही. ती झाली नाहीत तर मात्र खुर्चीत कोणीही असो, साताऱ्याची वस्त्रे मागेल त्याला मिळत राहतील.